शेवटच्या महिन्यातल्या दोन तारखा

आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईच्या घरात एखाद्या पोराला कांजण्या निघाल्या की परसवाड्याच्या खेड्यांतून दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. कोणी म्हणतं, पोरांचा आजार आहे, आठ दिवसांत उतरेल. कोणी म्हणतं, माता आली आहे, सुनेला त्या खोलीकडे फिरकू देऊ नका. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, पण त्या बाईला काय करायचं हे दोन्हींतून कळत नाही. या भागात माता-बाल आरोग्याचं काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. तिला धोका आहे की नाही, तिच्या बाळाला आहे की नाही आणि असलाच तर नेमका कोणत्या दिवसांत, हे जवळजवळ सगळं एका प्रश्नावर आणि दोन तारखांवर ठरतं. प्रश्न असा: तुला लहानपणी कांजण्या येऊन गेल्या होत्या का? तारखा अशा: आजारी पोराशी संपर्क आला तो दिवस आणि बाळंतपणाचा अपेक्षित दिवस. यांतली एकही गोष्ट कळायला प्रयोगशाळा लागत नाही, पैसा लागत नाही. तरीही नावनोंदणीच्या वेळी हा प्रश्न क्वचितच विचारला जातो आणि संपर्काची तारीख सहसा कुठेच लिहिली जात नाही. ती लिहिली गेली पाहिजे. दुर्गम तालुक्यात या आजारापासून आई आणि बाळ वाचवण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे.

परसवाडा हे बालाघाट जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सातपुडा-मैकलच्या रांगांमधला हा जंगलाचा मुलूख. गोंड आणि बैगा वस्त्या, एकमेकांपासून लांब पडलेले टोले, घराघरांत गोंडी, हिंदी, पोवारी, मराठी. मोठा दवाखाना म्हणजे बालाघाटचं जिल्हा रुग्णालय. त्यापुढे गोंदिया, नागपूर किंवा जबलपूर. शहरातल्या गरोदर बाईला कांजण्यांचा संपर्क झाला तर डॉक्टर तिचं रक्त तपासतात, प्रतिपिंडं आहेत की नाहीत ते बघतात आणि नसतील तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळवण्याची खटपट करतात. हे इंजेक्शन महाग आहे, मोठ्या शहरांतही सहज मिळत नाही आणि संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात ते मिळेल या भरवशावर इथली कोणतीही योजना आखता येत नाही. म्हणून या मुलखासाठी विचार करताना पुस्तकातल्या यादीत वरच्या ओळीला काय आहे हे बघून उपयोग नाही. उपकेंद्रातल्या एएनएमच्या हातात आज काय आहे, तिथून सुरुवात करावी लागते. तिच्या हातात पेन आहे, जच्चा-बच्चा कार्ड आहे आणि कॅलेंडर आहे. या आजाराच्या बाबतीत एवढ्यानं बरंच काही साधतं, कारण त्याचं वेळापत्रक विलक्षण नियमित आहे.

ते वेळापत्रक असं. कांजण्यांचा विषाणू श्वासावाटे आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. आजारी मूल पुरळ दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतं. एका खोलीत पंधरा मिनिटं किंवा अधिक वेळ बसणं, समोरासमोर बोलणं, एवढा संपर्कही पुरेसा मानला जातो. ज्याला हा आजार पूर्वी झालेला नाही आणि लसही घेतलेली नाही, अशा माणसाला एकाच घरात राहून तो लागण्याची शक्यता दहात नऊच्या आसपास असते, आणि घरातल्या घरात झालेली लागण बाहेरून झालेल्या लागणीपेक्षा बऱ्याचदा जोरात उठते. संपर्कानंतर दहा ते एकवीस दिवसांत पुरळ येतो. बाईचे ३७ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी दिराच्या पोराकडून तिला संसर्ग झाला, तर तिच्या अंगावर पुरळ येईल तो ३८ आठवडे ३ दिवस ते ४० आठवडे या काळात. म्हणजे बरोबर बाळंतपणाच्या तोंडावर. हा हिशोब तिसरी-चौथी शिकलेल्या माणसालाही करता येतो, पण तो करायचा तर पुरळ येण्याची वाट न बघता संपर्काच्या दिवशीच तारीख लिहून ठेवायला हवी.

बाळंतपणाच्या तोंडावर म्हणण्याला एवढं महत्त्व का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा युक्तिवाद यावरच उभा आहे. आईला कांजण्या झाल्या की विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. आईच्या शरीरात त्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात आणि तीही त्याच वारेतून बाळाकडे जातात, पण त्यांना तयार व्हायला आणि पलीकडे पोचायला पाच-सात दिवस लागतात. पुरळ बाळंतपणाच्या आठवडाभर किंवा त्याहून आधी आला असेल तर बाळ विषाणूबरोबर संरक्षणही घेऊन जन्मतं. त्याला आजार झालाच तर तो बहुधा सौम्य राहतो. मात्र पुरळ बाळंतपणाआधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आला, तर बाळ विषाणू घेऊन येतं आणि संरक्षण न घेता येतं. विषाणूविरोधी औषधं हाताशी नव्हती त्या काळात अशा बाळांपैकी तीस टक्क्यांपर्यंत बाळं दगावल्याचं वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेलं आहे. तो आकडा मोजक्याच बाळांवरून काढलेला होता आणि आजच्या उपचारांत मृत्यूंचं प्रमाण पुष्कळ कमी झालं आहे, हेही सांगायला हवं. पण ते कमी झालं आहे ते बाळ वेळेवर योग्य ठिकाणी पोचतं तिथे. आईचंही तसंच. गरोदरपणातल्या कांजण्यांत न्यूमोनिया होण्याचं प्रमाण दहातल्या एकीपर्यंत सांगितलं जातं, आणि दिवस जसजसे भरत जातात तसतसा तो अधिक गंभीर होतो.

यातून निघणारी एक गोष्ट गावातल्या आणि कधीकधी दवाखान्यातल्याही समजुतीच्या अगदी उलटी आहे. शेवटच्या महिन्यातल्या बहुतेक संकटांत बाळंतपण लवकर होणं हा उपाय असतो. रक्तदाब चढला, झटके आले, पाणी जाऊन बराच वेळ झाला, तर बाळ बाहेर काढणं हाच आईला वाचवण्याचा रस्ता. त्यामुळे नवव्या महिन्यात अंगभर फोड आलेली बाई दिसली की कळा आणून मोकळं करावं असं घरच्यांना वाटतं, आणि घाईत असलेल्या डॉक्टरांनाही वाटू शकतं. इथे मात्र घाई बाळाच्या जिवावर येते. आईची प्रकृती ठीक असेल आणि दुसरं काही कारण नसेल, तर पुरळ आल्यापासून किमान सात दिवस बाळंतपण आपणहून ओढवून आणू नये, असं ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्सची मार्गदर्शिका सांगते. थांबलेला प्रत्येक दिवस बाळाला आईची प्रतिपिंडं देऊन जातो. अर्थात आपणहून आलेल्या कळा सहसा थांबवता येत नाहीत. पण कृत्रिम कळा देण्याचा किंवा सिझेरियनची तारीख ठरवण्याचा निर्णय माणसाच्या हातात असतो, आणि तो घेताना पुरळ कोणत्या दिवशी आला हे कागदावर लिहिलेलं असणं किती मोलाचं आहे, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

आता हा संपर्क येतो कुठून, ते पाहू. या प्रश्नाचा जो भाग शहरी पुस्तकांत सापडत नाही तो इथे आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत बालाघाटच्या खेड्यांतही आहे. सातव्या महिन्यानंतर बाई सासर सोडून माहेरी येते. सासरी तिच्या अवतीभोवतीची पोरं एक असतात, माहेरी भावांची, शेजारपाजारची पोरं दुसरी. म्हणजे ज्या आठवड्यांत नव्या संसर्गाशी गाठ पडू नये, नेमक्या त्याच आठवड्यांत तिचं घर, गाव आणि लेकरांचा घोळका बदलतो. उपकेंद्रही बदलतं. माहेर गोंदिया जिल्ह्यात, आमगाव-सालेकसाकडे असेल तर राज्य बदलतं. नोंद मध्य प्रदेशात आणि बाळंतपण महाराष्ट्रात. कार्ड बरोबर नेलं तर नेलं. ते पेटीत राहिलं तर तिथल्या नर्सला या बाईबद्दल काहीच माहीत नसतं. दुसरं ठिकाण अंगणवाडी. गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, टीडीचं इंजेक्शन, पोषण आहार, गोदभराई, सगळं तिथेच होतं, आणि तीन ते सहा वर्षांची पोरंही तिथेच बसलेली असतात. ग्राम आरोग्य आणि पोषण दिवसाला तर लसीकरणासाठी आणलेली लेकरं आणि तपासणीसाठी आलेल्या गरोदर बाया एकाच खोलीत, एकाच बाकावर असतात. ही योजना चांगली आहे आणि ती मोडा असं मी म्हणत नाही. गरोदर बायांना पहिल्या तासात तपासून मोकळं करावं, अंगावर पुरळ किंवा ताप असलेल्या लेकराला त्या दिवशी आणू नये, आणि अंगणवाडी कार्यकर्ती, सहायिका, आशा किंवा शाळेतली शिक्षिका स्वतः गरोदर असेल आणि तिला कांजण्या झालेल्या नसतील तर गावात साथ असेपर्यंत तिला पोरांमधलं काम देऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो आजाराच्या दुर्मीळपणाचा. बहुतेक बायांना लहानपणीच कांजण्या होऊन जातात, मग शेकडो बायांना एक प्रश्न विचारून एखादीच सापडणार. एएनएमवर आधीच नोंदवह्यांचं ओझं आहे, त्यात आणखी एक रकाना कशाला? ओझ्याची तक्रार खरी आहे. पण बहुतेकींना होऊन जातात हे ब्रिटन-अमेरिकेबद्दल म्हणणं जितकं सरळ आहे तितकं आपल्याबद्दल नाही. थंड देशांत लस येण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक मूल दहाव्या वर्षाच्या आत या आजारातून जात असे. उष्ण प्रदेशांत तो उशिरा, पौगंडावस्थेत किंवा तरुणपणीही होतो, हे बऱ्याच पाहण्यांतून दिसलं आहे. म्हणूनच दक्षिण आशियातून ब्रिटनमध्ये गेलेल्या गरोदर बायांकडे तिथले डॉक्टर या बाबतीत अधिक लक्ष देतात. त्यात वस्ती विरळ असेल, टोले लांब असतील, तर साथ एखाद्या टोल्याला वर्षानुवर्षं शिवतच नाही. अशा टोल्यातली मुलगी कोरीच वाढते, लग्न होऊन मोठ्या गावात येते, आणि तिची पहिली गाठ या विषाणूशी पडते ती गरोदरपणात. लहान वयाच्या, जंगलपट्ट्यातल्या नवविवाहितेला हा प्रश्न विचारण्याची निकड पुण्या-मुंबईतल्या बाईपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

याच ओघात इतर बालरोगांचं थोडक्यात. जर्मन गोवराचा खरा धोका गरोदरपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत असतो. १९४१ साली सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांचा आणि आईच्या जर्मन गोवराचा संबंध दाखवला तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे; दिवस भरत आलेल्या बाईला त्याची भीती जवळजवळ नाही. गोवर मात्र शेवटच्या महिन्यातही वाईट, कारण त्यात न्यूमोनिया आणि अवेळी बाळंतपण होऊ शकतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, पोरं दगावली, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळांसाठीही जादा डोस द्यावा लागला, ते फार जुनं नाही. पण गोवर आणि जर्मन गोवर या दोन्हींची लस आता सरकारी कार्यक्रमात आहे. २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं देशभर झालेल्या मोहिमेत नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ती दिली गेली, आणि तेव्हा शाळेत असलेल्या मुली आज आया होऊ लागल्या आहेत. कांजण्यांची लस १९७४ मध्ये जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी तयार केली, अमेरिकेत ती १९९५ पासून सर्व मुलांना दिली जाते, बालरोगतज्ज्ञांची आपली संघटना तिची शिफारस करते. पण आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. परसवाड्याच्या टोल्यातल्या मुलीला ती मिळालेली नसणार. म्हणून शेवटच्या महिन्यांबद्दल लिहिताना सगळा भर कांजण्यांवर येतो.

दुसरा आक्षेप आठवणीवर आहे. इथे अंगावर काहीही उठलं तरी त्याला माताच म्हणतात, मग बाईनं 'हो, आली होती' म्हटलं त्यावर विश्वास कसा ठेवायचा? आक्षेप वजनदार आहे, पण त्याला उत्तर आहे. देवीचा रोग भारतातून गेला. शेवटची इथली रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडली, त्यामुळे त्यानंतर जन्मलेल्या बाईच्या आठवणीतल्या पाणी भरलेल्या फोडांचा अर्थ बहुधा कांजण्या हाच निघतो. गोवराचा लाल, सपाट पुरळ वेगळा असतो. फोडांत पाणी होतं का, खपल्या धरल्या का, अंगभर उठले होते का, वण राहिले का, हे तीन-चार प्रश्न विचारले की गोंधळ बराच निवळतो. ज्या बाईला कांजण्या झाल्याचं स्पष्ट आठवतं तिच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ हमखास सापडतात, असा परदेशांतल्या रक्ततपासण्यांचा अनुभव आहे. आठवत नाही म्हणणाऱ्यांपैकीही पुष्कळजणी सुरक्षित निघतात. म्हणजे चूक झालीच तर ती बहुतेक वेळा सावधगिरीच्या बाजूनं होईल. शिवाय आठवण एकट्या बाईची नसते. तिची आई, आजी, मोठी बहीण यांना घरातली माता कोणत्या होळीला आली होती हे पक्कं माहीत असतं. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा पीटर पानम या तरुण डॅनिश डॉक्टरानं घरोघर विचारून जो निष्कर्ष काढला, तो अशाच आठवणींवर उभा होता. पासष्ट वर्षांपूर्वीच्या साथीत ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्या माणसांपैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही. तेव्हा विषाणू म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. लोकांना नीट विचारणं आणि तारखा मांडणं एवढंच त्याच्यापाशी होतं.

तिसरं म्हणणं असं की गावाची रीत आधीच विलगीकरण करते. दारावर कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, पाहुण्यांना मज्जाव. हे सगळं बाहेरच्यांच्या बाबतीत उपयोगी आहे आणि त्याची टर उडवणाऱ्यांशी मी सहमत नाही. साथीच्या काळात घराला खूण करून येणंजाणं थांबवणं ही शहाणी गोष्ट आहे. उणीव दोन ठिकाणी राहते. डहाळा लागतो तो पुरळ दिसल्यावर, आणि संसर्ग सुरू झालेला असतो दोन दिवस आधी. त्यामुळे पोराला माता आली हे कळतं तेव्हा गरोदर बाईचा संपर्क बहुधा होऊन गेलेला असतो. तेव्हा करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे तारीख लिहिणं आणि उपकेंद्राला कळवणं. दुसरी उणीव अशी की आजारी पोराची शुश्रूषा कोण करतं? बहुतेक घरांत तीच गरोदर बाई, कारण ते तिचंच मोठं मूल असतं. मोहफुलांच्या दिवसांत घरातली बाकीची माणसं पहाटेपासून जंगलात असतात, आणि कांजण्यांचा जोरही त्याच होळीच्या आगेमागे असतो. तिला ज्या मुलाजवळ बसावंच लागतं त्याच्यापासून लांब राहा असं सांगणं पोकळ आहे. सासू, नणंद, नवरा, ज्याला पूर्वी आजार होऊन गेला आहे असा घरातला माणूस ते काम घेईल का, हे घरच्यांशी बोलून ठरवावं लागतं. अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. म्हाताऱ्या सासऱ्याच्या कमरेला उठलेली नागीणही याच विषाणूची असते. तिच्या फोडांतल्या पाण्यातून कोऱ्या बाईला कांजण्या होऊ शकतात.

औषधाबद्दलची भीती हा चौथा अडसर, आणि तो सर्वांत चिवट. मातेला गोळी चालत नाही असं गावचा वैदू, म्हणजे गुनिया, सांगतो, गरोदरपणी गोळी चालत नाही असं घरचे सांगतात, आणि दोन्ही सांगणी एकाच बाईवर येऊन पडतात. असायक्लोव्हिर हे औषध आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ज्या संशोधनातून ते आलं त्याबद्दल गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं. पुरळ आल्यापासून चोवीस तासांत सुरू केलं तर आईचा आजार सौम्य होतो. नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस, अर्थात डॉक्टरांनी तपासून ठरवल्यावर. डेन्मार्कमध्ये लाखो बाळंतपणांच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेतलेल्या बायांच्या बाळांतही व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. नवव्या महिन्यात बाळाचे अवयव घडून झालेले असतात, तेव्हा ती शंका आणखी कमी. इम्युनोग्लोब्युलिनच्या टंचाईनंतर ब्रिटननं संपर्क झालेल्या, प्रतिपिंडं नसलेल्या गरोदर बायांना पुरळ येण्याआधीच, संपर्कानंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत, याच तऱ्हेच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. परसवाड्यासाठी ही बातमी फार मोठी आहे. न मिळणाऱ्या इंजेक्शनच्या जागी तालुक्याच्या औषधसाठ्यात ठेवता येणारी गोळी आली. पण सातवा दिवस मोजायचा तर पहिला दिवस माहीत हवा. कडुनिंबाचा डहाळा दारावर राहू द्या आणि गोळीही घ्या, असं सांगितलं की घरं ऐकतात. डहाळा आधी काढा म्हटलं की दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

काही डॉक्टरांची काळजी वेगळी आहे. हा विषय गावात बोलायला लागलं तर घबराट पसरेल, बाया अंगणवाडीला येणं सोडतील, कोणी व्यंगाच्या भीतीनं गर्भ पाडायला धावेल. मला वाटतं भीती पसरते ती अर्धवट माहितीतून. कांजण्यांमुळे बाळात व्यंग येण्याची शक्यता पहिल्या वीस आठवड्यांतल्या संसर्गात असते, आणि तेव्हाही ती शंभरात दोनपेक्षा अधिक नसते. अठ्ठावीस आठवड्यांनंतर ती भीती बाळगण्याचं कारण उरत नाही. हे स्पष्ट सांगितलं की शेवटच्या महिन्यातली बाई घाबरत नाही, ती दिवस मोजायला लागते. आणि जिला लहानपणी कांजण्या होऊन गेल्या आहेत अशा बहुसंख्य बायांना या प्रश्नाचं उत्तर मिळताच निर्धास्तपणे आपल्या आजारी लेकराजवळ बसता येतं. हा लाभ हिशोबात कोणी धरत नाही.

राहिला प्रश्न गावपातळीवरच्या कार्यकर्तीला हे झेपेल का, याचा. त्याचं उत्तर महाराष्ट्रानं, तेही अशाच जंगलपट्ट्यात, पंचवीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. 'द लॅन्सेट'मध्ये १९९९ साली ते प्रसिद्ध झालं आणि पुढे आशांच्या घरभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला. त्याआधी १९८९ मध्ये राणी बंग यांनी त्याच जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बायांना विचारून आणि तपासून दाखवलं होतं की ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे. तोवर कोणी विचारलंच नव्हतं. बाळाला इंजेक्शन देणं जर शिकवता येतं तर कॅलेंडरवर दहा ते एकवीस दिवसांची रेघ ओढणं नक्की शिकवता येतं. बाळंतपणाची तारीखच अनिश्चित असते ही अडचण खरी आहे. पाळी पोळ्याच्या आधी चुकली की नंतर, यावरून काढलेली तारीख पंधरा दिवस इकडेतिकडे जाते. पण कोऱ्या बाईचा संपर्क चौतिसाव्या आठवड्यानंतर केव्हाही झाला तर तिला जोखमीची धरावं, असा ठोकळ नियम या अनिश्चिततेसह चालतो.

अशा बाईचं पुढचं काम तपशिलाचं आहे. संपर्कानंतर आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत ती स्वतः संसर्ग देऊ शकते, म्हणून तपासणीला तिला गर्दीच्या दिवशी बोलावू नये. आशानं घरी जावं. पुरळ आला तर फोन करून, आधी कळवून दवाखान्यात आणावं, म्हणजे ती इतर गरोदर बायांच्या रांगेत बसणार नाही. धाप, खोकला, छातीत दुखणं असेल तर घरी थांबू नये, जिल्ह्याच्या ठिकाणीच जावं. कळा त्याच आठवड्यात आल्या तर बाळंतपण नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात व्हावं, आणि गाडी सांगतानाच कारण सांगावं. बाळाला आईचं दूध तोडू नये. त्याची गरज नाही. आशाच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी ठरलेल्याच असतात. या बाळांच्या बाबतीत तिनं प्रत्येक भेटीत लंगोट सोडून पूर्ण अंग उजेडात पाहावं, कारण बाळाचा पुरळ आला तर याच भेटींच्या दरम्यान येईल, आणि एकही फोड दिसला तरी बाळाला इंजेक्शनातून औषध लागू शकतं. ज्या बाईला संपर्क होऊनही आजार झाला नाही आणि जिला पूर्वीही तो झाल्याचं आठवत नाही, तिच्या कार्डावर ते लिहून ठेवावं आणि बाळंतपणानंतर तिला लस मिळावी. ती गरोदरपणी चालत नाही, अंगावर पाजताना चालते. महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. आज ती खाजगीत विकत घ्यावी लागते आणि परसवाड्याच्या टोल्यातलं घर ती घेणार नाही. जिल्ह्याला दरवर्षी अशा किती बायांसाठी लस लागेल, हे कार्डावरच्या त्या एका रकान्यातून मोजता येईल, आणि तेवढ्या डोसांची मागणी आकड्यासह भोपाळला पाठवता येईल.